शेजार विकत घेताना

‘द सिम्स 4’ या खेळाचा ‘सिटी लिव्हिंग’ नावाचा विस्तार नोव्हेंबर 2016 मध्ये बाजारात आला, तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत होती जवळजवळ 40 डॉलर. मूळ खेळ आधीच विकत घेतलेला. त्यावर हे 40 डॉलर मोजून खेळाडूच्या पदरात काय पडलं? गळके पाइप, ठिणग्या उडवणारी विजेची पेटी, झुरळं, उंदीर आणि भिंतीपलीकडे अपरात्री धिंगाणा घालणारा शेजारी. पालघर जिल्ह्यातल्या आमच्या बोईसरमध्ये हे सगळं भाड्यातच धरलेलं असतं.

तरीही लोकांनी तो हौसेने घेतला, अजून घेतात, आणि या पुस्तकाचं मूळ त्या हौसेत आहे. पैसे देऊन त्रास विकत घ्यावा आणि त्यात रमावं, असं या खेळात काय आहे? आणि त्याच विस्तारात काही त्रास असे का असतात, की ज्यांनी माणूस चिडून खेळ बंद करतो? दोन्ही त्रासांत मूलभूत फरक आहे असं माझं मत आहे. एक त्रास कोणीतरी विचार करून रचलेला असतो. दुसरा कोणाच्या तरी हातून राहून गेलेला असतो. पुढच्या प्रकरणांत वेगवेगळे विस्तार येतील, पण ते तपासताना मी धरलेली कसोटी हीच.

ज्यांनी हा खेळ पाहिलेलाच नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जाते. विल राइट हे ‘सिमसिटी’चे कर्ते. तो शहर वसवण्याचा खेळ 1989चा. ऑक्टोबर 1991 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या टेकड्यांवर मोठा वणवा पेटला आणि त्यात राइट यांचं घर जळालं. संसार पुन्हा उभा करताना कोणती वस्तू आधी घ्यायची, कशावाचून चालतं आणि कशावाचून अडतं, याचा हिशेब त्यांना करावा लागला, आणि त्या हिशेबातून या खेळाची कल्पना वाढत गेली. सुरुवातीला त्यांच्या डोक्यात होता तो घरं बांधण्याचा खेळ. आतली माणसं घर बरं बांधलंय की वाईट हे दाखवण्यापुरती. पुढे माणसांनीच खेळ ताब्यात घेतला. फेब्रुवारी 2000 मध्ये ‘द सिम्स’ आला. त्यातल्या माणसाला, म्हणजे सिमला, भूक लागते, झोप येते, आंघोळ करावीशी वाटते, शौचाला जावं लागतं, गप्पा मारायला कोणीतरी लागतं. या गरजांच्या पट्ट्या पडद्यावर हिरव्याच्या लाल होत जातात आणि आपण त्या सांभाळत बसतो. जिंकणं नाही, हरणं नाही, शेवटही नाही. भातुकलीसारखंच आहे हे. फक्त भातुकलीत बोळक्यातला भात खोटा आहे हे सगळ्यांना मान्य असतं, इथे तो वेळेवर दिला नाही तर माणूस खरोखर मरतो.

शेवट नसलेल्या खेळाला विस्तार सुचणं ओघानेच आलं. पहिल्या ‘सिम्स’ला 7 विस्तार निघाले, दुसऱ्याला 8, तिसऱ्याला 11, आणि 2014 साली आलेल्या चौथ्याला 2024 अखेरपर्यंत 17. शिवाय लहान लहान पुड्या वेगळ्या. पहिल्या खेळाच्या काळात विस्तार सीडीवर यायचा आणि सगळ्यात शेवटी बसवलेल्या विस्ताराची सीडी आत घातल्याशिवाय खेळ सुरू होत नसे. ती सीडी ओरखडली की अख्खं गाव बंद. आता सीडी गेली, इंटरनेटवरून काही जीबी उतरवून घ्यावे लागतात, आणि ते उतरत असताना बोईसरची वीज गेली की काय होतं ते इथल्या वाचकाला मी सांगायला नको.

आता ‘सिटी लिव्हिंग’कडे. या विस्तारातलं शहर म्हणजे सॅन मिशुनो. त्याचे चार भाग: उंच इमारतींचा, फॅशनचा, कलावंतांचा आणि मसाल्यांच्या बाजाराचा. मसाल्याच्या बाजारात उत्सव भरतो, तिथे झणझणीत रस्सा संपवण्याची शर्यत लागते आणि गाड्यावर समोसाही मिळतो. पण माझं लक्ष सुरुवातीपासून गेलं ते स्वस्तातल्या खोल्यांकडे. घराला गुणधर्म जोडायची सोय या विस्ताराने आणली. त्यातला एक गुणधर्म सरळ सांगतो, की या जागेला डागडुजी लागते. भाडं कमी, पण आज पाइप फुटेल, उद्या वीज गडबडेल, परवा भिंतीच्या बिळातून उंदीर येईल. मालकाला फोन करायचा आणि वाट पाहायची, नाहीतर पाना घेऊन स्वतः बसायचं. स्वतः बसलं की हात बसतो, दुरुस्तीचं कौशल्य वाढतं. म्हणजे गळका पाइप ही नुसती कटकट नाही; त्या माणसाच्या आयुष्याला दिशा देणारी गोष्ट आहे. माझ्या एका सिमने चित्रकार व्हायचं ठरवलं होतं. भांड्यांच्या मोरीखाली झोपून झोपून तो उत्तम प्लंबर झाला. हा रचलेला त्रास. त्याला कारण आहे, त्यावर उपाय आहे, आणि त्यातून माणूस बदलतो.

आवाजाचंही तसंच. पलीकडचा शेजारी गोंगाट करतो, तुमच्या सिमची झोपमोड होते, तो उठून दार बडवतो. कधी शेजारी वरमतो, कधी नाही. उलट तुमच्याकडे गाणी जोरात लागली तर तोच तणतणत तुमच्या दारात येतो. आमच्या इथे आवाजाचा प्रश्न वेगळा आहे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत तीन पाळ्यांत काम चालतं. आमच्यासारख्या शेकडो घरांत कर्ता माणूस सकाळी आठला घरी येऊन झोपतो, म्हणजे शेजाऱ्यांची रात्र संपते तेव्हा आमची सुरू होते. त्यामुळे आमच्या मजल्यावर एक न लिहिलेला करार आहे. समोरच्या वहिनी चटणी वाटायच्या आधी दारातून डोकावतात आणि हळूच विचारतात, ‘‘ताई, दादा झोपलेत का? मग मिक्सर अकरानंतर लावते.’’ जळगावच्या वहिनी, कोल्हापूरचं एक कुटुंब, आझमगढचे दोघे भाऊ, वापीहून आलेले एक काका, एवढे सगळे मिळून हा करार पाळतो. खेळातल्या शेजाऱ्याला असा करार करता येत नाही. तिथे दार बडवणं आहे, विनवणं आहे, भांडण आहे. ‘अकरानंतर लावते’ नाही. ही उणीव मला फार जाणवली, पण ती जाणवली याचाच अर्थ खेळाने मला तेवढं आत ओढलं होतं. ‘सिम्स’चा पहिला आनंद हा असा असतो: खेळाकडे जे नाही ते आपल्याकडे आहे, हे त्याच्यामुळे कळतं.

घराच्या गुणधर्मांत भूकंपप्रवण जागा हाही एक प्रकार आहे. अधूनमधून हलकासा धक्का बसतो, सामान थरथरतं आणि शांत होतं. घर घेताना यादीतून तो निवडायचा, खिडकीतून चांगला उजेड येतो किंवा जवळ चांगली शाळा आहे हे निवडतात तसाच. विस्तार आला 2016 मध्ये. नोव्हेंबर 2018 पासून आमच्या पालघर जिल्ह्यात डहाणू आणि तलासरी तालुक्यांना धक्के बसू लागले, धुंदलवाडीच्या आसपास सतत. 1 फेब्रुवारी 2019 रोजी 4.1 तीव्रतेचा धक्का बसला आणि ऐन थंडीत माणसं घराबाहेर, तंबूंत झोपू लागली. त्यानंतर मी तो गुणधर्म कोणत्याही घराला लावलेला नाही. खेळाचा यात काही दोष नाही. गंमत म्हणून रचलेला त्रास गंमतच राहण्यासाठी तो खेळणाऱ्यापासून थोडा लांब असावा लागतो, आणि किती लांब हे खेळ बनवणाऱ्याला कॅलिफोर्नियात बसून कसं कळणार?

बुरशीचं मात्र उलट झालं. डिसेंबर 2023 मध्ये ‘फॉर रेंट’ हा विस्तार आला. यात एकाच जागेवर सहापर्यंत बिऱ्हाडं बांधता येतात, आपण भाडेकरू व्हायचं किंवा घरमालक. गाव आहे तोमारंग, आग्नेय आशियाच्या धर्तीवरचं: दमट हवा, रात्रीचा बाजार, दाटीवाटीने उभी घरं. आणि घराची निगा राखली नाही तर भिंतीवर बुरशी चढते. ती अंगात शिरली की सिम आजारी पडतो, दुर्लक्ष केलं तर दगावतो. ज्यांचे चामड्याचे पट्टे जुलै महिन्यात हिरवे होतात, कपाट उघडलं की कुबट वास येतो, ज्यांच्या कोपऱ्यातल्या भिंतीवर दर पावसाळ्यात तोच नकाशा उमटतो, त्यांना हे पाहून किती बरं वाटावं! कोणीतरी आपल्या शत्रूला शत्रू म्हणून ओळखलं, एवढंच नाही, तर त्याला ठार मारण्याची ताकदही दिली. आमच्या मजल्यावर पोरांनी या बुरशीला माणसासारखं नाव ठेवलं आहे. ते छापण्याजोगं नाही.

हे झालं सुख. आता दुसऱ्या प्रकारच्या त्रासाकडे वळते, आणि इथे मी हात राखून लिहिणार नाही.

सॅन मिशुनोतल्या इमारतीत दार उघडून बाहेर आलं की समोर शेजाऱ्याचं दार दिसतं. मधे सहा पावलांचा पॅसेज. पण त्या दारातून आत जायचं तर खेळ थांबतो, पडदा बदलतो, गोल फिरत राहतं, आणि मग आपण आत. सहा पावलांसाठी गावाला गेल्याइतका खटाटोप. याआधीच्या ‘सिम्स 3’ मध्ये अख्खं गाव सलग होतं, चालत कुठेही जाता यायचं; त्याचा भार साध्या संगणकांना पेलत नसे, म्हणून चौथ्यात प्रत्येक जागा सुटी केली. निर्णय समजण्यासारखा आहे. पण सुट्या जागांच्या पायावर शेजाराचा विस्तार उभा केला, तर शेजाराचाच गळा आवळला जातो. शेजार म्हणजे न ठरवता जाणं. वाटी घेऊन साखर मागायला जाताना कोणी प्रवासाची तयारी करत नाही.

पॅसेजची कथा तर याहून वाईट. आमच्या मजल्यावरची दहावीतली एक मुलगी खेळात बोईसरचं घर बांधायला बसली. आत सगळं जमलं: दिवाणखान्यातच पलंग, मोरीचा ओटा, देव्हाऱ्याच्या जागी एक छोटं कपाट. मग ती बाहेर आली, चपलांचा रॅक ठेवायला. ठेवता येईना. पाण्याचं पिंप ठेवता येईना. तुळशीची कुंडी नाही, उंबऱ्यावर रांगोळी नाही, वाळत टाकायला दोरी नाही. ‘‘मावशी, बाहेर काहीच ठेवू देत नाही हा!’’ ‘सिटी लिव्हिंग’मध्ये दाराबाहेरचं सगळं कुलूपबंद आहे, पॅसेज जसा दिला तसाच राहणार, इमारतही. स्वतःची चाळ बांधायची तर गोष्टच नको. सामाईक जागा मांडायची आणि बिऱ्हाडं स्वतः बांधायची मुभा ‘फॉर रेंट’ने दिली, सात वर्षांनी आणि वेगळे पैसे घेऊन. आमचा निम्मा संसार पॅसेजमध्ये असतो. पण पॅसेज म्हणजे दोन घरांमधली मोकळी जागा, एवढाच अर्थ ज्यांना ठाऊक होता त्यांनी तो विस्तार बांधला, आणि हे त्यांच्या हातून राहून गेलं.

पावसाचं काय? सॅन मिशुनोत पाऊस पडत नाही. पाडायचा तर ‘सीझन्स’ हा जून 2018चा विस्तार घ्यावा लागतो. रस्त्यावर कुत्रं हवं तर ‘कॅट्स अँड डॉग्ज’, नोव्हेंबर 2017. यात आणखी मेख अशी, की हाच पाऊस खेळाच्या कंपनीने दुसऱ्या ‘सिम्स’साठी 2007 मध्ये, तिसऱ्यासाठी 2012 मध्ये आणि चौथ्यासाठी 2018 मध्ये विकला. कुत्री-मांजरी तर चार वेळा. ऑक्टोबर 2022 पासून मूळ ‘सिम्स 4’ फुकट झाला, त्यामुळे आमच्याकडची बरीच मुलं त्याकडे वळली, आणि मग त्यांना विस्तारांच्या किमती दिसल्या. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. सगळे विस्तार पूर्ण किमतीला घ्यायचे म्हटलं तर बेरीज करूच नये. सवलतीच्या दिवसांची वाट पाहावी, आणि कोणता आधी घ्यावा यासाठीच हे पुस्तक आहे.

पैशापेक्षा मला टोचते ती तुटकता, आणि ती येते कुठून हे पाहण्यासारखं आहे. प्रत्येक विस्तार फक्त मूळ खेळाच्या आधारावर चालला पाहिजे, कारण गिऱ्हाइकाकडे दुसरा कोणता विस्तार असेल हे कंपनीला धरून चालता येत नाही. त्यामुळे पावसात भिजलेलं कुत्रं शेजाऱ्याच्या दारात येऊन अंग झटकतं आणि त्यावरून दोन घरांत भांडण होतं, एवढी साधी गोष्ट कोणी लिहू शकत नाही. तिला तीन विस्तार लागतील. पाऊस आहे, कुत्रं आहे, शेजारी आहे, पण एकमेकांना ते ओळखत नाहीत, किंवा ओळखलं तर वरवर. आयुष्य दाट होतं ते गोष्टी एकमेकींना धडकल्याने. इथे यादी लांबते, दाटी होत नाही.

आणि हे सगळं ज्या पायावर रचायचं तो पायाच अपुरा होता. सप्टेंबर 2014 मध्ये ‘सिम्स 4’ आला तेव्हा त्यात पोहण्याचे तलाव नव्हते, रांगती-चालती दोन-तीन वर्षांची पोरं नव्हती. बाळ एकदम शाळकरी व्हायचं. तलाव त्याच नोव्हेंबरात आले, पोरं जानेवारी 2017 मध्ये, हातापायांनी रांगणारी तान्ही बाळं मार्च 2023 मध्ये. फुकट आली, हे मान्य केलंच पाहिजे. (आमचा पालघर जिल्हाही त्याच वर्षीचा, 1 ऑगस्ट 2014चा. मुख्यालयाला स्वतःची इमारत मिळायला 2021 उजाडलं. तेव्हा अर्धवट सुरू करून मागाहून जोडत जाण्यावर आम्ही फार बोलू नये.) पण मागाहून जोडलेलं जुन्याला नेहमीच जुळतं असं नाही. विस्तार येण्याआधी मूळ खेळात सगळ्यांसाठी बदल होतात, विस्तार घेतला नसला तरी. जुलै 2022 मध्ये ‘हायस्कूल इयर्स’ आला, तेव्हाच्या बदलानंतर काही खेळाडूंचे सिम भराभर म्हातारे होऊ लागले, आणि काहींच्या सिमना आपल्याच घरच्यांबद्दल भलत्या इच्छा होऊ लागल्या. हसावं की रडावं! कंपनीने दुरुस्ती दिली. तक्रारी साचत गेल्या, आणि मे 2024 मध्ये मूळ खेळातल्या चुका निस्तरण्यासाठी वेगळी तुकडी नेमल्याचं जाहीर करावं लागलं. आवडीच्या सिमला पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या माणसाला या चुकांचा राग का येतो, हे बाहेरच्याला समजत नाही. गळका पाइप दुरुस्त करता येतो, कारण पाना दिलेला आहे. या चुकांसाठी पाना आपल्या हातात नाही.

स्पर्धा असती तर कदाचित पायाकडे आधी लक्ष गेलं असतं. ‘लाइफ बाय यू’ नावाचा खेळ येणार येणार म्हणता जून 2024 मध्ये रद्दच झाला. कोरियन ‘इनझॉय’ मार्च 2025 मध्ये अपुऱ्या रूपात का होईना आला. देखणा आहे, पण त्याला लागणारा संगणक बोईसरच्या किती घरांत असेल?

मराठी वाचकाला एक प्रश्न पडेल: यात आपण कुठे आहोत? खेळातली माणसं सिमलिश बोलतात. ती कोणाचीच भाषा नाही, त्यामुळे ती न समजण्यात आपण आणि अमेरिकन सारखेच. पण पडद्यावरच्या सूचना, गरजांची नावं, यादी, सगळं इंग्रजीत किंवा दुसऱ्या परदेशी भाषांत. मराठी नाही, हिंदीही नाही. कपड्यांत मात्र आपण एकदा थेट आलो. ऑक्टोबर 2021 मध्ये ‘फॅशन स्ट्रीट’ नावाची छोटी पुडी आली, मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवरून घेतलेली. आझाद मैदानाजवळच्या त्या स्टॉलांवर घासाघीस करून घेतलेले कुडते घालून आमच्या पिढीने कॉलेज केलं. पुडीत कपडे बरे आहेत. घासाघीस नाही. नोव्हेंबर 2016 मधल्या सॅन मिशुनो शहरात भाव करता येणारा जुन्या वस्तूंचा बाजार होता, मग 2021 मधल्या कपड्यांना तो का जोडला नाही, याचं उत्तर वर तुटकतेबद्दल लिहिलं तिथे आहे. बाकीची उणीव खेळाडूच भरून काढतात: साड्या, बांगड्या, चटया, पितळी भांडी, सगळं कोणी ना कोणी घरी बसून तयार करतं आणि इतरांना देतं. खेळात बदल आला की त्यातलं थोडंफार मोडतं, मग तेच लोक पुन्हा दुरुस्त करतात.

या पुस्तकात प्रत्येक विस्ताराला सारखी पानं दिलेली नाहीत. ‘सिटी लिव्हिंग’ आणि ‘फॉर रेंट’ यांवर सगळ्यात जास्त लिहिलं आहे, कारण ते शेजाराचे विस्तार आहेत आणि शेजाराबद्दल आम्हा बोईसरकरांना बोलायचा हक्क आहे. ‘सीझन्स’ आणि गाई-कोंबड्यांचा ‘कॉटेज लिव्हिंग’ यांना मोठी प्रकरणं आहेत. कीर्तीच्या मागे लागणारा ‘गेट फेमस’ मी तीन पानांत आटोपला आहे. ज्यांना तो आवडतो त्यांनी माझ्यावर रागवावं. घोड्यांचा विस्तार आमच्या मजल्यावरच्या पोरांच्या आग्रहाखातर घेतला.

वाचताना क्रम पाळायची गरज नाही. ज्यांच्याकडे अजून एकही विस्तार नाही त्यांनी आधी फुकटचा मूळ खेळ महिनाभर खेळावा आणि आपल्याला नेमकं काय कमी वाटतं ते कागदावर लिहून ठेवावं. बहुतेकांच्या कागदावर पहिला शब्द पाऊस असतो. ज्यांचं एखादं कुटुंब चार-पाच पिढ्या चाललं आहे, त्यांनी खेळात नवा बदल उतरवण्याआधी संगणकाच्या ‘डॉक्युमेंट्स’मधला खेळाचा ‘सेव्ह्ज’ हा फोल्डर पेन ड्राइव्हवर उचलून ठेवावा, बदल उतरल्यावर इतर खेळाडूंनी बनवलेलं, वरून जोडलेलं सामान आधी काढून खेळ सुरू करावा, आणि सगळे सिम वयाने होते तेवढेच आहेत का ते पाहूनच पुढे जावं.